रस्त्याचा कर्ता कोण?

मराठी वृत्तपत्रांच्या तालुका पानावर रस्त्याविषयी दोन प्रकारची वाक्ये नेहमी भेटतात. पहिल्या प्रकारचे वाक्य असे : ‘अमुक यांच्या प्रयत्नांतून तमुक रस्त्यासाठी निधी मंजूर’. दुसऱ्या प्रकारचे असे : ‘पावसाने रस्ता उखडला’, ‘रस्त्याची दुरवस्था झाली’, ‘रस्त्याला खड्डे पडले’. पहिल्या वाक्यात कर्ता ठळक असतो, बहुधा छायाचित्रासह. दुसऱ्या वाक्यात मात्र माणूस नाहीसा होतो. उखडण्याच्या क्रियेचा कर्ता रस्ता स्वतः असतो किंवा फार तर पाऊस. व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यांत काहीच चूक नाही. पण ज्या समाजात रस्ता ‘केला’ जातो तेव्हा कर्ता तृतीया विभक्तीत ऐटीने उभा राहतो आणि रस्ता ‘जातो’ तेव्हा कोणीच उरत नाही, त्या समाजाच्या सार्वजनिक जबाबदारीविषयीच्या समजुतीत मात्र काहीतरी मूलभूत चूक आहे, असे आम्हांला वाटते. भाषा आणि साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी रस्त्यासारख्या ‘रूक्ष’ विषयात लक्ष का घालावे, याचे उत्तर या दोन वाक्यांच्या अंतरात आहे.

उदाहरणासाठी एक टापू डोळ्यांसमोर ठेवू. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्याच्या दक्षिण-पूर्व भागात, भीमा आणि घोड या नद्यांच्या दुआबात मांडवगण फराटा हे गाव आहे. भीमेपलीकडे दौंड तालुका. तहसील शिरूरला, रेल्वेचे जंक्शन दौंडला, मोठे दवाखाने व महाविद्यालये पुण्याला, अशी या गावाची त्रिस्थळी यात्रा आहे. जमीन नदीकाठची, काळी; पीक मुख्यतः उसाचे. जवळच न्हावरे येथे घोडगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि नदीपलीकडे दौंडच्या बाजूला पाटसचा भीमा कारखाना. तेव्हा या मुलखात रस्ता म्हणजे केवळ येण्याजाण्याची सोय नव्हे. तोडलेला ऊस वेळेत गाळला गेला नाही तर त्याचे वजन आणि साखर दोन्ही घटतात. दूध वेळेवर संकलन केंद्रावर गेले नाही तर नासते. अडलेली बाई वेळेत पोहोचली नाही तर काय होते, हे सांगावयास नको.

आता अशा गावातून बाहेर पडणारे रस्ते कोणाचे? ‘सरकारचे’ हे उत्तर तोंडावर येते, पण ते अपुरे आहे. १९४३ साली नागपूर येथे भरलेल्या प्रांतोप्रांतीच्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशातील रस्त्यांची एक उतरंड ठरवली : राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते. आज महाराष्ट्रात राष्ट्रीय महामार्गांची जबाबदारी केंद्राची; राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे; इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे; आणि गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीकडे. वस्तीवरून निघालेला शेतकरी पाणंद, ग्रामीण मार्ग, जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग असा तासाभरात चार वर्गांच्या मार्गांवरून जातो. त्याला तो एकच रस्ता वाटतो. दप्तरात तो चार ठिकाणी तुटलेला असतो. खड्डा दिसला की अर्ज कोणाकडे करावयाचा, येथेच त्याची पहिली अडचण सुरू होते, आणि बहुतेक अर्ज ‘सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ या नकारार्थी वाक्याशी थांबतात. नाकारण्यापुरता का होईना, जबाबदारीला येथे शब्द मिळतो.

ही उतरंड आणि तिच्यामागचा पैशाचा प्रवाह आजचा नाही. मुंबई इलाख्यात १८६०च्या दशकात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा अशी जादा पट्टी बसवण्यात आली. तीच ‘लोकल फंड’ म्हणून ओळखली गेली आणि १८६९च्या कायद्याने तिला स्थिर रूप आले. या एका आण्याचा दोन तृतीयांश भाग रस्ते व तत्सम कामांकडे आणि एक तृतीयांश शिक्षणाकडे जावयाचा. म्हणजे खेड्यातली शाळा आणि खेड्यातली सडक या एकाच गाठोड्यातून निघालेल्या सख्ख्या बहिणी आहेत. ‘लोकल बोर्डाची शाळा’ आणि ‘लोकल बोर्डाची सडक’ हे शब्दप्रयोग आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला सहज होते ते यामुळेच. १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी या लोकल फंडाचा किमान निम्मा भाग प्राथमिक शिक्षणाला द्यावा अशी मागणी केली. पुढल्याच वर्षी, १८८३ साली, पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याकडून वसूल होणारा पैसा जातो कोठे, हाच प्रश्न त्यांनी मध्यभागी ठेवला. फुले स्वतः बांधकामाचे ठेके घेत असत. कागदावरचे काम आणि जमिनीवरचे काम यांतले अंतर त्यांना प्रत्यक्ष व्यवहारातून ठाऊक होते. आपल्या वर्गांत ‘असूड’ शिकवताना त्यातील सामाजिक विद्रोहावर आपण बोलतो, ते योग्यच आहे. परंतु तो ग्रंथ एक जमाखर्चही आहे, ही बाजू सहसा दुर्लक्षित राहते. देणारा कोण आणि भोगणारा कोण, हे नावानिशी मांडणे हा त्या गद्याचा कणा आहे.

दुसरा धागा आमच्या वाचकांना याहूनही जवळचा आहे. पुणे विद्यापीठातील ज्या ग्रंथालयात आपल्यापैकी अनेकांनी वर्षे घालवली, ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते, हे सर्वांना माहीत असते. परंतु भारतातील रस्त्यांच्या अर्थकारणाचा पाया घालणारी १९२७ची रस्ते विकास समिती याच जयकरांच्या अध्यक्षतेखाली काम करत होती, हे साहित्याच्या वर्गात क्वचितच सांगितले जाते. समितीने सांगितलेली मुख्य गोष्ट अशी की, रस्त्यांचा भार स्थानिक संस्थांच्या आणि प्रांतांच्या कुवतीबाहेर गेला आहे. तो काही अंशी राष्ट्राने उचलावा आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर बसवून तो स्वतंत्र निधीत ठेवावा. त्यानुसार १९२९ साली पेट्रोलवरील कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आणे झाला आणि वाढीव दोन आणे रस्त्यांसाठी वेगळे काढले जाऊ लागले. ‘निधी’ या शब्दाला येथे नेमका अर्थ होता : विशिष्ट कामासाठी विशिष्ट लोकांकडून घेतलेले, वेगळे राखलेले, हिशेब देण्याजोगे पैसे.

हे तत्त्व पुढे किती टिकले? २०००च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने पेट्रोल-डिझेलवरच्या उपकराला वैधानिक रूप दिले आणि डिझेलच्या उपकराचा निम्मा भाग ग्रामीण रस्त्यांसाठी राखून ठेवला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. मांडवगणसारख्या गावातला ट्रॅक्टर जे डिझेल जाळतो त्याच्या उपकरातला अर्धा वाटा पुन्हा कुठल्यातरी गावच्या रस्त्याकडे वळतो, असा एक सरळ संबंध येथे होता. २०१८ साली या निधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द आले, त्याचा विस्तार इतर अनेक क्षेत्रांकडे झाला आणि हा संबंध धूसर झाला. शिवाय उपकराची रक्कम केंद्र व राज्ये यांच्यात वाटल्या जाणाऱ्या सामाईक करांच्या ढिगात जात नाही. दिल्लीत गोळा होणारा हा पैसा राज्याचा हक्काचा वाटा म्हणून नव्हे, तर योजनांच्या आणि मंजुरींच्या वाटेने खाली उतरतो. ‘हक्क’ या शब्दाच्या जागी ‘मंजुरी’ हा शब्द आला की मागणाऱ्याची पाठ थोडी वाकते. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे.

तिसरा धागा थेट आमच्या वाचकांच्या वेतनचिठ्ठीत आहे. महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे असे मिळून वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर म्हणून प्राध्यापकांच्या पगारातून कापले जातात. हा कर १९७५ साली रोजगार हमी योजनेसाठी बसवण्यात आला. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसांनी, त्यांत बायका मोठ्या संख्येने, खडी फोडली, माती वाहिली. महाराष्ट्रातील कितीतरी खेड्यांचे पहिले रस्ते त्या हातांनी झाले. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या कष्टकऱ्याच्या कामाचा भार उचलावा, हा त्या करामागचा विचार उदात्त होता आणि आजही त्याची मान ताठ आहे. पण या कामांत एक उणीव राहिली. त्यांचे माप ‘किती हातांना काम मिळाले’ हे होते, ‘रस्ता किती वर्षे टिकला’ हे नव्हते. दुष्काळात ते क्षम्यच होते. पुढे मात्र तीच सवय सुकाळातही राहिली : माती टाकायची, खडी पसरायची, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा तेच.

येथे मूळ दुखण्याकडे येऊ. ते निधीच्या अभावापेक्षा निधीच्या प्रकाराचे आहे. शासनाच्या अर्थसंकल्पात रस्त्यांचा पैसा निरनिराळ्या लेखाशीर्षांखाली पडतो. ५०५४ हे शीर्ष भांडवली कामांचे, म्हणजे नव्या रस्त्यांचे व सुधारणेचे. ३०५४ हे महसुली खर्चाचे, ज्यात देखभाल-दुरुस्ती येते. आणि ग्रामविकासाचे २५१५ हे शीर्ष तर ‘पंचवीस पंधरा’ या नावाने गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या तोंडी बसले आहे. ज्यांनी शाळेत अंकगणित नकोसे म्हणून सोडले तेही हे आकडे घडाघडा बोलतात. भांडवली कामाला भूमिपूजन असते, नारळ असतो, कोनशिला असते. देखभालीला यातले काहीच नसते. चर साफ केल्याचे, साइडपट्टीवर मुरूम भरल्याचे, मोरीतला गाळ काढल्याचे लोकार्पण कोण करणार? विधानसभेच्या सदस्याला दर वर्षी मिळणारा स्थानिक विकास निधी २०२२पासून पाच कोटी रुपये झाला; तो कोठे गेला हे फलकांवरून कळते. देखभालीचा पैसा कोठे गेला नाही, हे मात्र कोणत्याही फलकावरून कळत नाही.

आणि रस्ता तर देखभालीअभावीच मरतो. त्याचा खरा शत्रू पाणी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरचा डांबराचा पातळ थर तिच्याबरोबर हलतो. बाजूचा चर बुजला की पाणी रस्त्याच्या पोटात शिरते. वरून ओझे येते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता-चाचण्यांतून निघालेला ढोबळ नियम असा की, आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळा पट होते. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या काठोकाठ उसाने भरून हंगामभर ज्या ग्रामीण मार्गावरून जातात, तो मार्ग अशा ओझ्यासाठी बांधलेला नसतो. तेव्हा ‘रस्ता उखडला’ या वाक्याचे खरे कर्ते अनेक आहेत : चर न काढणारी यंत्रणा, भाराचा विचार न करणारे अंदाजपत्रक, ओझे मोजून न पाहणारा वाहतूकदार, आणि या वाहतुकीवर चालणारा उद्योग.

या यादीत गावही आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पाइपलाइनसाठी रात्रीतून डांबर खोदणारे, बांध सरकवत चर गिळणारे, शेताचे पाणी रस्त्यावर सोडणारे हात परके नसतात. यावर काही जण म्हणतील की, मग सरकारला दोष का द्यावा? आमचे उत्तर असे की, सार्वजनिक वस्तूचे सार्वजनिकपण टिकवणे हेच तर शासनाचे काम आहे. जी वस्तू कोणाची आहे हे कोणालाच ठाऊक नाही, ती सर्वांनी थोडी थोडी खावी यात नवल नाही. गावाच्या अनास्थेचा उगम काही अंशी तरी या निनावीपणात आहे. ‘साहेबांनी दिलेला’ रस्ता साहेबांचा असतो. तो बिघडला तर पुन्हा साहेबांकडे जावे, एवढेच नाते उरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : सरकारकडे पैसा नाही, म्हणून खासगी भांडवल आणावे आणि वापरणाऱ्याने टोल भरावा. मोठ्या महामार्गांपुरता हा मार्ग महाराष्ट्राने गेल्या तीन दशकांत भरपूर वापरला. शहराच्या अंतर्गत रस्त्यांना तो लावला तेव्हा काय झाले, हे कोल्हापूरने दाखवले. तेथे एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली लोक वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरले आणि २०१५ साली सरकारला तो टोल रद्द करावा लागला. घरापासून दुकानापर्यंत जाण्याचे भाडे द्यावे लागणे हे लोकांनी नाकारले. ग्रामीण मार्गावर तर टोलही लागत नाही, कारण तेथे तो परवडण्याइतकी वाहने नाहीत. म्हणजे बाजाराच्या दृष्टीने हा रस्ता अस्तित्वातच नाही. पुणे ते शिरूर उन्नत महामार्गासारखे हजारो कोटींचे प्रकल्प मंजूर होतात, त्यांची गरज आम्ही नाकारीत नाही. त्या मार्गावरची कोंडी खरी आहे. पण ज्या तालुक्याच्या डोक्यावरून खांबांवर उभारलेला महामार्ग जावयाचा आहे, त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला चर साफ करायला शीर्ष सापडत नसेल, तर तो अभाव पैशाचा नसून प्राधान्याचा आहे.

न्यायालयांनी या बाबतीत शासनापेक्षा स्पष्ट भाषा वापरली आहे. सुस्थितीतील रस्ते हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली खड्ड्यांसंबंधीच्या जनहित याचिकेत म्हटले. ऑक्टोबर २०२५मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि दोषी अधिकारी व कंत्राटदारांकडून वसुलीचा मार्ग दाखवला. या आदेशाचे महत्त्व रकमेपेक्षा त्याच्या वाक्यरचनेत आहे, असे आम्ही म्हणू. ‘खड्ड्याने जीव घेतला’ या वाक्यातून खड्ड्याला बाजूला सारून तेथे कर्तव्य चुकवणारा माणूस त्याने उभा केला.

पण न्यायालय रोजची जबाबदारी सांभाळू शकत नाही. ती निवडून दिलेल्या संस्थेची. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि २०२५ साल सरेपर्यंत निवडणूक झाली नाही. इतका काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ज्या संस्थेकडे ग्रामीण मार्ग आहेत, त्या संस्थेत त्या मार्गावरून येणारा एकही निवडलेला सदस्य नाही, अशी ही वर्षे गेली. या काळात मतदारापुढे जे उरले ते आमदार, खासदार आणि पालकमंत्री, म्हणजे पुन्हा ‘निधी आणणारे’. १ मे १९६२ रोजी ज्या जिल्हा परिषदांचा एवढ्या आशेने आरंभ झाला, त्यांचे रिकामे सभागृह हे रस्त्यांच्या दुरवस्थेचे एक ठळक कारण आहे.

आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. एक, प्रत्येक रस्त्याच्या आरंभी लावलेल्या फलकावर त्याचा वर्ग व क्रमांक, मालकी असलेले कार्यालय, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि देखभालीची मुदत एवढे असावे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या कंत्राटात पाच वर्षांच्या देखभालीची अट असते. ती अट प्रत्येक योजनेला लागू करून फलकावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत लिहावी. दोन, नव्या कामाला मंजुरी देताना त्याच्या पुढील दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम त्याच ठरावात बांधून द्यावी. जो रस्ता सांभाळता येणार नाही, तो केल्याचे श्रेय घेऊ नये. तीन, जड ऊस वाहतुकीचे मार्ग हंगामापूर्वी ठरवून त्यांच्या दुरुस्तीत कारखान्यांचा वाटा असावा. चार, ग्रामसभेपुढे वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, गावच्या रस्त्यांचा जमाखर्च वाचला जावा.

यात साहित्याच्या माणसांचे काम कोणते? आम्हांला ते बरेच मोठे वाटते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त गावकरी श्रमाने तालीम उभी करतात, राजाच्या हस्ते ती सुरू होते, आणि मग दुष्काळाने गावच उठून जाते. उभारणी आणि उद्घाटन यांच्यापलीकडे वस्तूचे आयुष्य असते, ते माणसांच्या राहण्यावर अवलंबून असते, हे त्या कादंबरीने किती आधी पाहिले होते! आपल्या परंपरेत गाडगेबाबांसारखा माणूस आहे, ज्याची ओळखच खराटा आहे. ज्या गावात जात तेथला रस्ता आधी झाडून काढणे हे त्यांचे कीर्तनाआधीचे कीर्तन होते. निर्मितीचे गोडवे गाणाऱ्या संस्कृतीत सांभाळण्याला प्रतिष्ठा देणारी ही दुसरी, अधिक कठीण परंपरा आहे.

तेव्हा विद्यार्थ्यांना प्रयोग शिकवताना एकदा तालुका पान वर्गात न्यावे आणि प्रत्येक वाक्यातला कर्ता शोधायला सांगावा. ‘निधी मंजूर झाला’ यात निधी कोणाचा, तो कोणी भरला, हे विचारावे. एका आण्यापासून डिझेलच्या उपकरापर्यंत आणि व्यवसाय करापर्यंत तो आपणच भरत आलो आहोत. मांडवगणचा ऊस उत्पादक आणि पुण्यातला प्राध्यापक या दोघांच्याही खिशातून गेलेला हा पैसा आहे, आणि म्हणून रस्ता ‘आणला’ असे कोणी म्हटले तर त्याला ‘कोठून?’ असे विचारण्याचा अधिकार दोघांनाही आहे. हा प्रश्न विचारण्याची सवय लागली तर उखडलेल्या रस्त्यालाही एक दिवस कर्ता सापडेल.